शिवी की शाप

मंगळवार, १८ मार्च २००८. मुंबईतल्या एका मराठी दैनिकात परदेशाचं पान माझ्याकडे होतं. पान नऊ, आठ कॉलम, खालचं पाव पान जाहिरातीला. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान साडेनऊला सुटायचं, शहराचं साडेबाराला. त्या रात्रीची मुख्य बातमी दुपारीच ठरली होती: फिलाडेल्फियातल्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणारे बराक ओबामा भाषण करणार, विषय वंश आणि त्यांचे पाळक रेव्हरंड जेरेमाया राइट.

पहिली फसगत घड्याळाची. डेस्कसमोरच्या भिंतीवर चार घड्याळं होती, त्यातलं न्यूयॉर्कचं आमच्यापेक्षा साडेदहा तास मागं लावलेलं. पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढं सरकवतात. त्या वर्षी तो रविवार ९ मार्चला येऊन गेला होता आणि फरक साडेनऊ तासांवर आला होता. भिंतीवरच्या काट्याला कुणी हात लावला नव्हता. भाषण साधारण सव्वानऊला सुरू होईल आणि डाकेला फक्त दोन ओळी जातील, असा हिशोब करून सब, म्हणजे आमचा उपसंपादक, निवांत होता. सव्वाआठच्या सुमारास टीव्हीवर ओबामा उभे राहिलेले दिसले, तेव्हा तो कँटीनमध्ये होता. एका अर्थी बरंच झालं. भाषण सदतीस मिनिटं चाललं, लिखित मजकूर पाच हजार शब्दांच्या आसपास, आणि डाकेला आमच्या हातात पाऊण तास उरला. जागा होती चारशेवीस शब्दांची.

तोवरचा घटनाक्रम थोडक्यात असा. १३ मार्चला एबीसी वाहिनीने राइट यांच्या प्रवचनांचे तुकडे दाखवले. त्यात लपूनछपून चित्रित केलेलं काही नव्हतं, शिकागोतलं ते चर्च स्वतःच ती प्रवचनं विकायला ठेवत असे. वाहिनीने डझनावारी प्रवचनं पाहून त्यातले काही सेकंद उचलले. दुसऱ्या दिवशी राइट ओबामांच्या प्रचारातल्या धार्मिक नेत्यांच्या समितीतून बाहेर पडले आणि ओबामांनी त्या विधानांचा निषेध करणारं निवेदन काढलं. चार दिवस बहुतेक वाहिन्यांवर तीन शब्द फिरत होते: ‘गॉड डॅम अमेरिका’. त्या तीन शब्दांचं मराठी काय करायचं, हा त्या रात्रीचा आमचा खरा प्रश्न होता. भाषणाचा सारांश त्यामानाने सोपा होता.

सबने आधीच्या दिवशीच्या बातमीतून वाक्य उचललं होतं: ‘अमेरिका खड्ड्यात जावो’. त्याच्या आधीच्या मसुद्यात याहून सणसणीत, छापता न येणारं काही होतं. दोन्ही चुकीचीच. मूळ प्रवचन १३ एप्रिल २००३ चं, इराकवर हल्ला सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हाचं. राइट सांगत होते की सरकारच काळ्या वस्त्यांत अमली पदार्थ येऊ देतं, मग मोठमोठे तुरुंग बांधतं, तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेपेचा कायदा करतं, आणि वर आमच्याकडून ‘देव अमेरिकेला आशीर्वाद देवो’ हे गाणं म्हणून घेऊ पाहतं. नाही, नाही, नाही, असं म्हणून त्यांनी तेच वाक्य फिरवलं. निरपराधांना मारणाऱ्या राष्ट्राबद्दल बायबलात हेच लिहिलंय, असंही लगेच जोडलं. म्हणजे इंग्रजीत रस्त्यावरच्या शिवीसारखे कानावर पडणारे ते शब्द प्रवचनात आशीर्वादाच्या नेमक्या समोर उभे होते. टीव्हीवरच्या कातरीने आशीर्वाद कापला आणि उरली ती शिवी.

वसईच्या कुठल्या कॅथलिक फादरांना विचारावं असं आधी मनात आलं. पण हे चर्च प्रॉटेस्टंट, त्यामुळे नगरच्या एका निवृत्त पाळकांना फोन लावला. त्यांचं उत्तर दोन वाक्यांचं होतं: ‘अहो, पाळक व्यासपीठावरून शिवी देत नाही, शाप उच्चारतो. आणि त्या माणसाचं नाव तरी बघा, जेरेमाया म्हणजे आपला यिर्मया!’ मराठी बायबल वाचणाऱ्याला एवढं पुरतं. यिर्मया म्हणजे आपल्याच यरुशलेमला तू पडणार असं सांगत फिरणारा, त्यासाठी खोड्यात अडकवला गेलेला, चिखलाच्या विहिरीत सोडलेला संदेष्टा. राइट तसे संदेष्टे होते की नाही हा प्रश्न वेगळा. त्यांची भाषा मात्र कुठल्या घराण्यातली, ते कळलं. पानात गेलं ते असं: ‘त्यांना आमच्याकडून “देव अमेरिकेला आशीर्वाद देवो” हे गाणं हवं आहे. नाही! देव अमेरिकेला शाप देवो.’ आशीर्वाद आणि शाप ही जोडी मराठीत आयतीच आहे, आणि दोन्ही वाक्यं लागोपाठ छापली की मग कंसात खुलासा द्यावा लागत नाही. मथळ्यात नुसता शाप टाकला असता तर आम्हीही तीच कातरी चालवली असती, म्हणून मथळ्यातून तो काढला.

नगरलाच फोन का, याचं कारण जुनं आहे. राइट यांचं ट्रिनिटी चर्च ज्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या पंथाचं, त्या पंथात अमेरिकेतली जुनी काँग्रिगेशनल मंडळी (मंडळी म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांचा समूह) १९५७ साली सामील झाली. आणि याच काँग्रिगेशनल परंपरेच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू केलं, १८३१ पासून अहमदनगरला ठाणं मांडलं, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढलं. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा याच मिशनमधला. म्हणजे ओबामा तेव्हा ज्या पंथाचे सभासद होते, त्याच मुळाची एक जुनी फांदी नगरच्या मंडळींमध्ये सापडते. हे चौकटीत घ्यावं असं मला फार वाटत होतं, पण जागा नव्हती. सबला वाटलं मी विषयांतर करतोय. करतच होतो. पण त्या विषयांतराने शब्द दिले: पाळक, मंडळी, उपासना, सभासदत्व.

या शब्दांत ‘गुरू’ नाही, हे महत्त्वाचं. भारतातल्या इंग्रजी-मराठी पत्रांनी राइट यांना सरसकट ‘ओबामांचे आध्यात्मिक गुरू’ केलं होतं. आपल्याकडे गुरू म्हटला की शब्दापलीकडे जायचं नाही, असा अर्थ आपोआप येतो, आणि गुरूचं प्रत्येक वाक्य शिष्याच्या खात्यावर चढतं. पाळकाचं तसं नसतं. काँग्रिगेशनल पद्धतीत तर पाळकाला मंडळीच नेमते. सभासद रविवारी समोर बसतो, पटलं तर मान हलवतो, नाही पटलं तर घरी जाऊन कुरकुरतो. याचा अर्थ नातं पातळ होतं असा नाही. ते किती घट्ट होतं हे विशेषणाने सांगण्यापेक्षा तारखांनी सांगावं, म्हणून अशा बातमीसाठी मी एक कागद आखतो. उभे रकाने पाच: राजकारणी तिथं कधीपासून, धर्मगुरूने त्याच्या घरचे कोणते विधी केले, पैसा कुणाकडून कुणाकडे, प्रचारात पद कोणतं, आणि वादग्रस्त वाक्य बोललं गेलं तेव्हा राजकारणी कुठं होता.

त्या रात्रीचा कागद असा भरला. ओबामा १९८५ मध्ये वस्ती-संघटक म्हणून शिकागोला आले आणि तिथं राइट यांना भेटले. वीस वर्षांचा संबंध. १९९२ चं लग्न राइट यांनी लावलं, दोन्ही मुलींचा बाप्तिस्मा त्यांनी केला. ओबामांच्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव राइट यांच्या एका प्रवचनावरून घेतलेलं. १० फेब्रुवारी २००७ ला स्प्रिंगफील्डमध्ये उमेदवारी जाहीर करताना आरंभीची प्रार्थना राइट करणार होते. ऐनवेळी त्यांना व्यासपीठावर येऊ नका असं सांगण्यात आलं. माझ्या मते अख्ख्या कागदावर सगळ्यात बोलकी नोंद हीच. टीव्हीवर तुकडे येण्याच्या तेरा महिने आधी प्रचारातल्या लोकांना अडचण दिसली होती, याचा हा पुरावा. पैशाचा रकाना त्या रात्री रिकामा सोडला. आठवड्याने, २५ मार्चला, ओबामांनी प्राप्तिकराची विवरणपत्रं खुली केली तेव्हा तो भरला: २००६ साली ट्रिनिटीला २२,५०० डॉलर. धर्मगुरूकडून राजकारण्याकडे पैसा नव्हे, उलटा. वर्गणीच ती.

पाचव्या रकान्यात आम्ही पाय घसरता घसरता वाचलो. सबच्या मजकुरात एक वाक्य होतं: २२ जुलै २००७ च्या रविवारी राइट गोऱ्यांच्या अहंकारावर बोलत होते तेव्हा ओबामा समोर बसून होते. हे त्याने आदल्या दिवशी एका बड्या अमेरिकी दैनिकात आलेल्या स्तंभातून घेतलं होतं. म्हणजे उगम कमअस्सल नव्हता. मी फक्त तारीख पाहिली. प्रचारात असलेल्या उमेदवाराचा दिवस शोधणं सोपं असतं, तो कुठंतरी भाषण करतच असतो. त्या दिवशी ओबामा मायामीत, लॅटिनो संघटनेच्या अधिवेशनात बोलले होते. स्तंभलेखकाने एका संकेतस्थळावरून ते न तपासता घेतलं होतं, आणि त्या दैनिकाने दुरुस्तीही दिली होती. दुरुस्ती मात्र मूळ स्तंभाइतकी फिरत नाही, इथंच गोची होते. वाक्य काढलं, तीस शब्दांची जागा मोकळी झाली.

त्या तीस शब्दांत ट्रिनिटीची ओळख बसवली. शिकागोच्या दक्षिण भागात ९५ व्या रस्त्यावर हे चर्च आहे. १९७२ मध्ये राइट आले तेव्हा सभासद ८७, ते निवृत्तीला आले तेव्हा हजारोंच्या घरात. बहुसंख्य गोऱ्यांच्या पंथातली ही सगळ्यात मोठी मंडळी, आणि ती काळ्यांची. ब्रीदवाक्याचं मराठी मी असं केलं: ‘काळे असल्याची लाज नाही, ख्रिस्ती असल्याची माफी नाही’. मूळ इतकं ठसठशीत आहे की मराठीत आपोआप यमक आलं. राइट स्वतः मरीन दलात आणि मग नौदलात वैद्यकीय साहाय्यक होते, हे बसलं नाही. आज वाटतं ते बसवायला हवं होतं, कारण ‘देशद्रोही पाळक’ हे शब्द तेव्हा सर्रास वापरले जात होते.

आता भाषण. त्यातली एक गोष्ट डेस्कवर कुणालाच पहिल्यांदा दिसली नाही. १४ मार्चच्या निवेदनात ओबामा म्हणाले होते, वादाला कारण ठरलेली विधानं मी चर्चमध्ये बसून किंवा खासगीत राइट यांच्या तोंडून ऐकलेली नाहीत. फिलाडेल्फियात ते म्हणाले, चर्चमध्ये बसलो असताना वादग्रस्त म्हणता येतील अशी विधानं मी ऐकली का? हो. सबने मथळा केला: ‘ओबामांची कबुली’. दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचली तर विरोध सिद्ध होत नाही. पहिलं ‘ही’ विधानं म्हणतं, दुसरं ‘वादग्रस्त म्हणता येतील अशी’ म्हणतं. पण पहिलं वाक्य वकिलाने कोरून लिहिल्यासारखं आहे आणि दुसऱ्याने त्याची कड बोथट केली, हेही खरं. आम्ही दोन्ही वाक्यं तारखांसह चौकटीत छापली, वाचकाने काय ते ठरवावं. ‘कबुली’ काढलं.

मग आलं ते भाषणाचं काळीज. राइट यांना टाकणं म्हणजे काळ्या समाजाला टाकणं, किंवा ज्या गोऱ्या आजीने मला वाढवलं तिला टाकणं, मी यातलं काहीच करू शकत नाही, या आशयाचं वाक्य. ती आजी रस्त्यात शेजारून जाणाऱ्या काळ्या माणसांची भीती वाटते असं एकदा कबूल करून गेली होती, हेही त्यांनी सांगितलं. क्रियापदावर आमची दहा मिनिटं गेली. ‘नाकारणं’ फार कागदी. ‘संबंध तोडणं’ म्हणजे आज-उद्या करण्यासारखी कृती. आजीशी कुणी संबंध ‘तोडत’ नाही, आजीला ‘टाकतात’. ‘टाकून देणं’ हे मराठी घरातलं क्रियापद आहे. नवऱ्याने टाकलेली, पोराने टाकलेले आईबाप. मथळा झाला: ‘राइट यांना टाकणार नाही : ओबामा’. खाली दुसऱ्या ओळीत ‘विधानांचा मात्र निषेध’. ही ओळ नसती तर मथळा खोटा ठरला असता.

याच भाषेच्या खेळाचा एक नमुना तीन आठवडे आधी झाला होता. २६ फेब्रुवारीला क्लीव्हलंडच्या वादसभेत ‘नेशन ऑफ इस्लाम’ या काळ्यांच्या संघटनेचे वादग्रस्त नेते लुइस फराखान यांच्या पाठिंब्याबद्दल विचारल्यावर ओबामा म्हणाले, मी त्यांच्या वक्तव्यांचा निषेध करतो. उमेदवारीतल्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन म्हणाल्या, निषेध पुरेसा नाही, पाठिंबा झिडकारा. ओबामा म्हणाले, बरं, झिडकारतो आणि निषेधही करतो. सभागृह हसलं. फराखान यांचा धागा ट्रिनिटीपर्यंत जात होता, कारण राइट यांनी सुरू केलेल्या मासिकाने त्यांना २००७ मध्ये पुरस्कार दिला होता. निषेध विधानाचा, झिडकारणं पाठिंब्याचं, टाकणं माणसाचं. ही उतरंड मी तेव्हा सबला कागदावर काढून दिली, त्याने ती मॉनिटरच्या कडेला चिकटवली.

एका दाव्याबाबत आम्ही तडजोड केली नाही. सरकारने एड्सचा विषाणू काळ्यांना मारण्यासाठी बनवला, असं राइट यांनी त्याच २००३ च्या प्रवचनात म्हटलं होतं. हे खोटं आहे आणि बातमीत ‘खोटं’ असंच लिहिलं, ‘कथित’ वगैरे नाही. त्यालाच जोडून एक ओळ दिली: अलाबामातल्या टस्किगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या सुमारे चारशे काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं पाहत ठेवलं. यामुळे खोट्याचं खरं होत नाही. ऐकणाऱ्यांना ते खरं का वाटलं, एवढं मात्र कळतं.

दुसऱ्या गाजलेल्या तुकड्यात मात्र आम्ही चुकलो, आणि ती चूक छापून गेली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, १६ सप्टेंबर २००१ ला, राइट म्हणाले होते की अमेरिकेची कोंबडी संध्याकाळी खुराड्यात परतली. आम्ही दिलं, ‘अमेरिकेने पेरलं तेच उगवलं’. मराठी म्हणून ठीक. पण वाक्य राइट यांचं स्वतःचं म्हणून दिलं. पूर्ण प्रवचन त्या आठवड्याच्या शेवटी इंटरनेटवर आलं. ते यूट्यूबवर मिनिट-मिनिट थांबत उतरवून घेतलं तेव्हा दिसलं की राइट आदल्या दिवशी वाहिनीवर ऐकलेल्या माजी राजदूत एडवर्ड पेक यांचा हवाला देऊन बोलत होते. आणि ते प्रवचन होतं बायबलातल्या स्तोत्र १३७ वर. बाबेलच्या नद्यांकाठी रडत बसलेले बंदिवान, आणि शेवटी शत्रूची बाळं खडकावर आपटण्याची भयंकर इच्छा. राइट ऐकणाऱ्यांना बजावत होते की सूडाच्या भरात आपणही शस्त्रधारी शत्रूवरून निःशस्त्र निरपराधांवर घसरू नये, ही वेळ स्वतःला तपासायची आहे. तुकड्यात कोंबडी होती, स्तोत्र नव्हतं. आम्ही रविवारी खुलासा दिला, सहा ओळींचा, पान अकराच्या तळाला. मायामीची दुरुस्ती फिरत नाही म्हणून मी कुरकुरलो होतो. आमचीही फिरली नसेल.

रिपब्लिकन बाजूलाही हेच चाललं होतं, पण कागदावर वेगळं दिसत होतं. जॉन मॅकेन यांना २७ फेब्रुवारीला टेक्ससच्या जॉन हॅगी या प्रवचनकाराने पाठिंबा दिला, तो त्यांनी मिळवलेला. कॅटरिना वादळ म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या पापाची शिक्षा, असं हॅगी यांनी सांगितलेलं. मॅकेन त्यांच्या चर्चचे सभासद नव्हते, पहिले दोन रकाने कोरेच. हिटलरला देवाच्या योजनेशी जोडणारं हॅगी यांचं जुनं प्रवचन बाहेर आल्यावर २२ मे रोजी मॅकेन यांनी पाठिंबा नाकारला. पाठिंबा परत करायला एक निवेदन पुरतं. सभासदत्व सोडायला किती वेळ लागतो, ते ओबामांच्या बाबतीत दिसलं.

२८ एप्रिलला राइट वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये बोलले, आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा, घड्याळ तोवर दुरुस्त झालेलं. एड्सचा दावा मागं घेतला नाही, फराखान यांची स्तुती केली, आणि राजकारणी माणूस जे बोलावं लागतं तेच बोलतो असं ओबामांबद्दल म्हणाले. दुसऱ्या दिवशी विन्स्टन-सेलममध्ये ओबामांनी त्यांना टाकलं. वीस वर्षांपूर्वी भेटलेला माणूस हा नव्हे, असं म्हणाले. मार्चच्या मथळ्यातलं क्रियापद बेचाळीस दिवसांनी उलटं वापरावं लागलं: ‘अखेर राइट यांना टाकले’. जुनं पान काढून शेजारी ठेवलं आणि टाइपही तोच लावला.

२५ मे रोजी ट्रिनिटीत पाहुणे प्रवचनकार मायकल फ्लेगर यांनी हिलरी क्लिंटन यांची रडण्याची नक्कल केली. सबने माझ्या नियमानुसार ‘पाळक फ्लेगर’ लिहिलं. ते कॅथलिक, म्हणून ‘फादर’ केलं. ३१ मेला, शनिवारी, ओबामांनी अॅबर्डीनमध्ये सांगितलं की आपण आणि पत्नीने ट्रिनिटीचं सभासदत्व सोडलं. आमच्याकडे तेव्हा शहर आवृत्तीही सुटून गेली होती. सोमवारच्या पानासाठी सबने मथळा दिला, ‘ओबामांनी चर्च सोडले’, तीन कॉलमांत अगदी चपखल बसणारा. मराठीत हे वाचणाऱ्याला धर्मच सोडला असं वाटेल. ‘ट्रिनिटी चर्चचे सभासदत्व ओबामांनी सोडले’ तीन कॉलमांत बसेना. टाइप छत्तीसवरून तीसवर आणला, मग बसला.